बंद पडण्याच्या वेळा

तो मरायचा म्हणजे एकदम.
ना घरघर, ना निळा पडदा, ना निरोप.
बेकरीचा व्हॅटचा तक्ता अर्धा भरलेला,
मैदा, यीस्ट, व्हॅनचं डिझेल,
आणि काचेवर अचानक मीच, चष्म्यासकट.

कधी नुसताच थिजायचा.
बाण जिथल्या तिथे, घड्याळ अकरा चाळीसवर,
आणि मी माउस हलवत राहायचे
झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला हलवावं तशी.

शंतनू रेडिंगहून फोनवर म्हणाला,
मावशी, ड्रायव्हर अपडेट कर. केले.
व्हायरस बघ. बघितला, नव्हता.
मग म्हणाला, तापत असेल.
म्हणून रविवारी हॅलिफॅक्सचा पेपर अंथरून
त्याची कूस उघडली.
पंख्याच्या पात्यांत राखाडी लोकर,
गालिच्याची, माझ्या स्वेटरची,
आणि थोडी, शपथेवर सांगते, हळदीच्या रंगाची.
मेमरीच्या पट्ट्या उपसून
त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले,
पुन्हा बसवल्या. टक्. टक्.
तीन दिवस चालला.

मग मी वही केली,
वडील दुधाची करायचे तशी,
तारीख, वेळ, शेरा.
मंगळ, ८.१०, गेला.
बुध, ८.१२, गेला.
गुरु, नाही.
शुक्र, ८.१०, गेला. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज.
एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

वीज कंपनीचा गॅरेथ तळघरात टॉर्च मारून म्हणाला,
जुनी दगडी आळ आहे ही, दोन घरांत एकच केबल,
तुमच्यातून तिच्यात गेलेली.
तिचा शॉवर नऊ किलोवॉट खातो,
तेव्हा तुमचे दिवे जरासे डोळा मिचकावतात,
आणि डब्यातला तुमचा पॉवर सप्लाय म्हातारा,
त्याला तेवढंही सोसत नाही.

म्हणजे दुखणं म्हशीला
आणि मी इतके दिवस इंजेक्शन देत होते पखालीला.

डोरीनशी एकोणीस वर्षांची ओळख
कचऱ्याच्या डब्यापुरती,
या आठवड्यात हिरवा की काळा.
आता मला तिची आंघोळ ठाऊक झाली.
गुरुवारी ती अंग धूत नाही.
अकरा चाळीसला किटली लावते.
हे कुणाला सांगणार, आणि कुठल्या तोंडाने?

नवा पॉवर सप्लाय मागवला, अडतीस पौंड.
तो येईपर्यंत आठ पाचला सगळं सेव्ह करून
हात मांडीवर ठेवून बसायचे,
अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं
की आपण भिंतीला टेकतो, तशी.

सोमवारी आठ दहा झाले. आठ वीस.
पडदा लखलखीत, निर्लज्ज.
बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा बरोबर आली.
पावणेनऊला घरातल्या चपलांवरच निघाले,
दहिवर गोठलेल्या फरशीवरून,
आणि तिचं दार वाजवलं.

बऱ्याच वेळाने उघडलं.
मनगट प्लास्टरमध्ये, गाउन उलटा,
केस एका बाजूला चिकटलेले.
डबा का? म्हणाली. आज तर नाही.
नाही, म्हटलं.
मग काय, ते मला सांगता येईना.
तुमच्याकडे वीज आहे का?
आहे की, ती म्हणाली,
आणि दार उघडंच ठेवून आत वळली.

पार्सल पायरीवर येऊन पडलंय.
चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम.
ते बसलं की भिंतीपलीकडचं काही कळायचं नाही.
सध्या त्या खोक्यावर वही ठेवली आहे.

सोम, ८.१०, गेला नाही. मनगट, डावं.
मंगळ, ८.१०, माहीत नाही.
मी घरी नव्हते, शाम्पू घेऊन गेले होते.